उमेदवार, आश्वासन आणि माजी सैनिक : खानदेशातील एका नाराजीची मीमांसा

निवडणुकीच्या काळात ज्या मतदारांच्या वाट्याला हारतुरे भरपूर आणि उत्तरे अगदी थोडी येतात, त्यांत माजी सैनिकांची गणना करावी लागते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत प्रचार सुरू झाला की हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते, व्यासपीठाच्या पहिल्या रांगेत निवृत्त सुभेदार आणि हवालदार बसवले जातात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि जय जवानचा घोष होतो. मात्र माजी सैनिकांसाठीच्या पॉलीक्लिनिकमध्ये लिहून दिलेले औषध तीन-तीन महिने का मिळत नाही, किंवा वीरपत्नीच्या नावातील एका अक्षराच्या फरकामुळे तिचे कुटुंब निवृत्तिवेतन का अडते, असे त्याच व्यासपीठाखाली कोणी विचारले, तर ‘वरपर्यंत पोहोचवतो’ या पलीकडे उत्तर क्वचितच मिळते. या अनुभवातून जी नाराजी साचत गेली आहे, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ही नाराजी पैशाच्या लोभातून येते असे मानणाऱ्यांचा एक वर्ग आहे आणि सैनिकांनी मागण्या करूच नयेत असे मानणाराही एक वर्ग आहे. दोघांचेही निदान चुकते. जे कायद्याने, शासन निर्णयाने किंवा स्वतः भरलेल्या वर्गणीने सैनिकाचे झालेले आहे, तेच प्रत्येक निवडणुकीत त्याला नव्याने दान म्हणून देऊ केले जाते, हे या नाराजीचे मूळ आहे.

प्रथम माजी सैनिक म्हणजे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे. भूदल, नौदल किंवा हवाई दलात नियमित सेवा करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेली, अथवा सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाने मुक्त केलेली व्यक्ती ही या संज्ञेतील प्रमुख व्यक्ती होय. सामान्य वाचकाच्या मनात निवृत्त माणूस म्हणजे साठीचा गृहस्थ असतो, पण जवानाच्या बाबतीत हे चित्र लागू पडत नाही. किमान १५ वर्षांच्या सेवेने जवान निवृत्तिवेतनास पात्र होतो आणि अनेक जण पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान घरी परततात. देशभरात दरवर्षी सुमारे ६० हजार जण अशा रीतीने सेनादलांतून बाहेर पडतात. ज्या वयात मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात आणि शेतीच्या वाटण्या व्हायच्या असतात, त्या वयात हा माणूस गावी येतो. सैन्य तरुण राहावे म्हणून राष्ट्राने त्याला लवकर निवृत्त केले आहे. त्यामुळे त्याच्या निवृत्तिवेतनाची तुलना साठाव्या वर्षापर्यंत पूर्ण पगार घेणाऱ्या मुलकी कर्मचाऱ्याशी करताना हा फरक विसरता येत नाही.

खानदेशाचा लष्कराशी संबंध जुना आहे. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगाव येथे होते. डोंगरात लढणाऱ्या समाजाला वर्दी आणि नियमित पगार देऊन राज्याच्या बाजूला वळवण्याचा तो प्रयोग होता. त्यातील हेतू परक्या सत्तेचा असला, तरी वर्दीच्या मोबदल्यात राज्यसंस्था काहीतरी देणे लागते ही कल्पना या प्रदेशात तेव्हापासून रुजली. पुढे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, त्यांतील पश्चिमेचा धुळे आणि पूर्वेचा जळगाव झाला आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पावसाच्या भरवशावरची कोरडवाहू जमीन, कापसाचा बेभरवशाचा भाव आणि मोजके कारखाने अशा स्थितीत भरतीचे मैदान हा अनेक घरांसाठी स्थिर उत्पन्नाचा एक मार्ग राहिला आहे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी मुले शिरपूर, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव अशा कोणत्याही तालुक्यात दिसतात आणि त्यांच्यातील बहुतेकांना भरतीची माहिती गावातल्याच एखाद्या माजी सैनिकाकडून मिळालेली असते.

महाराष्ट्रात सैनिकांनी राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणे मांडण्याची परंपराही जुनी आहे. महार सैनिकांची भरती बंद झाल्यावर १८९० च्या दशकात गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने सरकारकडे अर्जाची मोहीम चालवली आणि १९१० च्या सुमारास शिवराम जानबा कांबळे यांनीही तोच प्रश्न अर्जाद्वारे उचलून धरला. त्या काळी सामान्य सैनिकाच्या मतावर निवडून येणारा प्रतिनिधी नव्हता, म्हणून अर्ज थेट सत्तेकडे जात असे. आज मध्ये उमेदवार आला आहे, आणि हा मध्यस्थ अर्ज पुढे नेतो की अर्जाचा झेंडा करून स्वतःच मिरवतो, हा प्रश्न त्यामुळे उत्पन्न झाला आहे.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘वन रँक, वन पेन्शन’ ही मागणी. समान हुद्द्यावर आणि समान वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या दोघांना, ते कोणत्याही साली निवृत्त झालेले असोत, समान निवृत्तिवेतन मिळावे आणि पुढे होणारी वाढ जुन्यांनाही आपोआप लागू व्हावी, असा तिचा अर्थ आहे. प्रत्येक वेतन आयोगानंतर निवृत्त होणाऱ्याचे वेतन वाढत जाते, परंतु आधी निवृत्त झालेला मागे राहतो. परिणामी १९९० साली घरी आलेल्या हवालदाराला २०१० साली आलेल्या नाईकापेक्षाही कमी रक्कम मिळू शकते. १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगाच्या सुमारास जवानांच्या निवृत्तिवेतनाचे प्रमाण घटवले गेले आणि मुलकी कर्मचाऱ्यांचे वाढवले गेले, अशी माजी सैनिक संघटनांची तक्रार तेव्हापासूनची आहे. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की या मागणीच्या प्रवासात महाराष्ट्राचे आणि मराठी माणसांचे हात वारंवार लागले आहेत. शरद पवार संरक्षणमंत्री असताना १९९१ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुन्या निवृत्तांना एकवेळची वाढ देण्याचा तोडगा काढला आणि तो १ जानेवारी १९९२ पासून अमलात आला. त्याने तात्पुरता दिलासा मिळाला, पण पुढच्या वेतन आयोगाने दरी पुन्हा उघडली. २०११ च्या डिसेंबरमध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने ही मागणी मान्य करण्याची शिफारस केली आणि त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. २०१५ साली योजना जाहीर करणारे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर गोव्याचे होते.

जळगावकरांच्या दृष्टीने यातील आणखी एक प्रसंग विसरण्यासारखा नाही. ८ फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे ३०० माजी सैनिक आपली पदके परत करण्यासाठी राष्ट्रपती भवनाकडे गेले, तेव्हा सेनादलांच्या सर्वोच्च प्रमुखपदी, म्हणजे राष्ट्रपतिपदी, जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील होत्या. राष्ट्रपतींना निवृत्तिवेतनाचे सूत्र बदलण्याचा अधिकार नसतो, त्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, ही घटनात्मक मर्यादा सैनिकांना ठाऊक होतीच. तरीही पदक ही सैनिकाच्या छातीवरची एकमेव खासगी मिळकत असते आणि ती परत करणे म्हणजे निवडून आलेल्यांशी बोलणे खुंटले आहे, असे सांगणे होय.

पक्षांच्या वर्तनाचा क्रम यानंतर पाहण्यासारखा आहे. १५ सप्टेंबर २०१३ रोजी हरियाणातील रेवाडी येथे माजी सैनिकांच्या सभेत नरेंद्र मोदी यांनी हा विषय उचलला. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, पी. चिदंबरम यांनी अंतरिम अर्थसंकल्पात तत्त्वतः मान्यता देऊन ५०० कोटींची तरतूद केली; सत्तांतरानंतर जुलै २०१४ मध्ये अरुण जेटली यांनी १,००० कोटी जाहीर केले. दोन्ही रकमा प्रत्यक्ष गरजेच्या तुलनेत किती अपुऱ्या होत्या, हे पुढे वार्षिक बोजा हजारो कोटींत गेला त्यावरून दिसून आले. वर्ष उलटले तरी आदेश निघेना, तेव्हा जून २०१५ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर उपोषण सुरू झाले आणि १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी वृद्ध सैनिकांना तेथून हुसकावण्याचा प्रयत्न केला. इतिहासात याचे जवळचे उदाहरण अमेरिकेत सापडते. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना कबूल केलेला भत्ता १९४५ साली मिळायचा होता. मंदीत उपासमार झाल्यावर तो आधी द्यावा म्हणून ते हजारोंनी वॉशिंग्टनला जमले आणि २८ जुलै १९३२ रोजी अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारने त्यांना लष्कराकरवीच हटवले. त्याच वर्षी हूव्हर यांचा निवडणुकीत पराभव झाला आणि रक्कम १९३६ साली द्यावीच लागली.

भारतात ५ सप्टेंबर २०१५ रोजी घोषणा झाली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला आणि योजना १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. मात्र आदेशातील योजना आणि कोश्यारी समितीची व्याख्या यांत फरक होता, कारण वाढ आपोआप न मिळता दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती होणार होती आणि समान हुद्द्याच्या किमान व कमाल निवृत्तिवेतनाची सरासरी आधार मानली होती. हा फरक तांत्रिक वाटतो, पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी पाच वर्षे हा फार मोठा काळ असतो. पुढे २०१९ ची फेरनिश्चिती वेळेवर झाली नाही; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले; १६ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने धोरण वैध ठरवले, पण १ जुलै २०१९ पासूनची फेरनिश्चिती करून थकबाकी तीन महिन्यांत देण्यास सांगितले. मंत्रिमंडळाची मान्यता २३ डिसेंबर २०२२ रोजी आली, लाभार्थी २५ लाखांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले, आणि थकबाकीच्या हप्त्यांसाठी मार्च २०२३ मध्ये न्यायालयाला पुन्हा तारखा ठरवून द्याव्या लागल्या. त्यांनुसार शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२४ पर्यंत देय होता. जी गोष्ट २०१९ च्या जुलैची होती, ती पुढच्या लोकसभा निवडणुकीच्या उंबरठ्यावर पूर्ण झाली. प्रचारसभेत मात्र हाच हप्ता ‘दिला’ म्हणून सांगितला जातो आणि ऐकणाऱ्या सैनिकाला तो ‘थकवलेला’ म्हणून आठवतो; उमेदवार आणि माजी सैनिक यांच्यातील अंतर नेमके इथे मोजता येते.

निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीचे दान नसून केलेल्या सेवेचा अर्जित हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. त्या घटनापीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, आणि चाळीस वर्षांनी सैनिकांच्या खटल्याचा निकाल देणाऱ्या पीठाचे नेतृत्व त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी केले. दुसऱ्या निकालाने पहिल्याचा विस्तार सैनिकांना हवा होता तितका केला नाही, हे खरे आहे. परंतु हक्काचे तत्त्व कोणीही नाकारलेले नाही. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आजही पाळतात. त्या दिवशीच्या कार्यक्रमांना येणाऱ्या लोकप्रतिनिधींनी निदान तो निकाल वाचून यावे, एवढी अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये.

निवृत्तिवेतनाच्या वादात निदान आकडे तरी सार्वजनिक होतात. आरोग्याच्या प्रश्नात प्रत्येकाचे दुःख एकट्याचे राहते आणि म्हणून उमेदवारांना ते टाळणे सोपे जाते. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ‘ईसीएचएस’ म्हणून ओळखतात, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. तिची रचना अशी की सैनिकाने निवृत्त होताना हुद्द्यानुसार एकदाच रक्कम भरायची, त्याबदल्यात त्याला, पत्नीला आणि अवलंबितांना आजीवन उपचार मिळायचे. डिसेंबर २०१७ नंतर हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी ही रक्कम ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजरसाठी ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार अशी ठरली. प्राथमिक तपासणी व औषधे पॉलीक्लिनिकमध्ये, आणि पुढील उपचार त्याने दिलेल्या रेफरलवर, म्हणजे शिफारसपत्रावर, लष्करी रुग्णालयात किंवा योजनेशी करार केलेल्या खासगी रुग्णालयात, अशी साखळी आहे. कागदावर ती उत्तम आहे आणि जिथे नीट चालते तिथे तिने हजारो कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

साखळीच्या कड्या कुठे निसटतात, हे मात्र जवळून पाहावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला सत्तरीचा माजी सैनिक मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एसटीने शहरात येतो. डॉक्टर पाच औषधे लिहितात, खिडकीवर तीन मिळतात आणि उरलेल्या दोहोंपुढे ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असा शिक्का पडतो. ती औषधे अधिकृत स्थानिक औषधविक्रेत्याकडून मागवून घेण्याची किंवा स्वतः विकत घेऊन परतावा मागण्याची सोय नियमात आहे; पण पहिल्या मार्गासाठी पुन्हा एक खेप होते आणि दुसऱ्यासाठी मूळ पावत्या, चिठ्ठी, शिक्का आणि अर्ज असा गठ्ठा लागतो. तीन-चारशे रुपयांच्या गोळ्यांसाठी हे सगळे करण्याऐवजी माणूस गावातल्या मेडिकलमधून त्या घेतो आणि नोंदीत त्याची अडचण उमटतच नाही. हृदयविकाराचा झटका रात्री आला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. करार नसलेल्या जवळच्या रुग्णालयात दाखल करण्याची मुभा आणीबाणीत आहे, मात्र ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवावे लागते आणि परतावा केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेच्या दरांनी मिळतो. खासगी रुग्णालयाचे बिल आणि तो दर यांतला फरक कुटुंबाच्या अंगावर पडतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या सुनेला किंवा मुलाला ४८ तासांचा हा नियम कोणी सांगितलेला असतोच असे नाही.

करार केलेली रुग्णालये कमी का होतात, याचे कारणही गूढ नाही. योजनेचे पैसे संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पातून येतात, वर्षाच्या अखेरीस तरतूद संपते, देयके तुंबतात आणि खासगी रुग्णालये हळूहळू या रुग्णांना टाळू लागतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ साली या योजनेवर स्वतंत्र अहवाल देऊन औषधपुरवठा आणि देयकांच्या व्यवस्थेतील त्रुटी दाखवल्या होत्या. मोठ्या शहरात एक रुग्णालय बाहेर पडले तर दुसरे असते. जळगाव किंवा धुळ्यात तसे झाले तर पुढचा पर्याय नाशिक, देवळालीचे लष्करी रुग्णालय किंवा पुण्याचे कमांड हॉस्पिटल इतका दूर जातो, आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा तो प्रवास शक्य नसतो. खानदेशातून निवडून येणाऱ्या खासदाराने संसदेत विचारावयाचा प्रश्न असेल तर तो हाच आहे : या दोन जिल्ह्यांतील किती रुग्णालयांशी करार आहे, त्यांची किती देयके किती महिन्यांपासून थकली आहेत आणि पॉलीक्लिनिकमधील किती पदे रिकामी आहेत. या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि लेखी उत्तर ही शालीपेक्षा टिकाऊ वस्तू आहे.

धुळ्याच्या बाबतीत ही अपेक्षा अवास्तव नव्हती. जुलै २०१६ ते मे २०१९ या काळात धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते आणि ते स्वतः कर्करोगाचे शल्यविशारद. आरोग्य आणि संरक्षण या दोन्ही विषयांची जाण एकाच व्यक्तीत असण्याचा योग क्वचितच येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये धुळे तालुक्यातील बोरविहीर गावचा जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला, तेव्हा भामरे यांनी पाठपुरावा केला आणि २१ जानेवारी २०१७ रोजी तो परत आला. त्या प्रयत्नाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. एका जवानाची सुटका ही बातमी होते आणि तिच्यामागे सारे सरकार उभे राहते. पॉलीक्लिनिकमधल्या औषधाची बातमी होत नाही, म्हणून तिथे राज्यमंत्र्याचे वजनही वित्तीय मंजुरी, निविदा आणि विभागीय केंद्र यांच्या फेऱ्यात विरते. व्यक्ती कितीही सक्षम असो, जिल्ह्याच्या पातळीवर उत्तरदायित्वाची जागाच निर्माण झाली नाही तर तिचे मंत्रिपद संपते आणि खिडकीवरचा शिक्का तसाच राहतो. २०२४ साली त्याच मतदारसंघात चार हजारांहूनही कमी मतांनी निकाल लागला आणि काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या. इतक्या थोड्या अंतराच्या लढतीत कोणताही संघटित गट निर्णायक ठरू शकतो. माजी सैनिक तसा गट म्हणून मोजले जात नाहीत, ही त्यांची खरी राजकीय दुर्बलता आहे.

या दुर्बलतेचा काही भाग त्यांच्या स्वतःच्या संघटनांकडेही जातो. तालुक्यागणिक वेगळी संघटना, एकेका पक्षाच्या सैनिक आघाड्या आणि त्यांवर पदाधिकारी म्हणून मिरवण्याची स्पर्धा यांमुळे उमेदवाराला एका गटाचा सत्कार करून दुसऱ्याचे निवेदन बाजूला ठेवता येते. शिवाय हुद्द्यांमधील दरी आहे. सातव्या वेतन आयोगानंतर लष्करी सेवा वेतन, म्हणजे सैनिकी जीवनातील खडतरतेबद्दल मिळणारी विशेष रक्कम, अधिकाऱ्यांना १५,५०० आणि कनिष्ठ आयुक्त अधिकारी व जवानांना ५,२०० रुपये ठरली. निवृत्तिवेतनाच्या लढ्याचे नेतृत्व अधिकाऱ्यांकडे राहिले आणि लाभही वरच्या हुद्द्यांना अधिक झाला, अशी भावना घेऊन २०२३ च्या फेब्रुवारीत जवानांनी जंतरमंतरवर स्वतंत्र आंदोलन सुरू केले. खेड्यापाड्यांतले माजी सैनिक मुख्यतः या दुसऱ्या वर्गातले आहेत, आणि ‘सैनिकांचा प्रश्न सुटला’ असे कोणी म्हणाले की कोणत्या सैनिकांचा, हे विचारणे त्यांना भाग पडते.

तिसरी अडचण अधिकारक्षेत्राची आहे आणि उमेदवारांना तिचा आडोसा फार सोयीचा पडतो. निवृत्तिवेतन व ईसीएचएस केंद्राकडे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि नोकरीतील आरक्षण राज्याकडे, घरपट्टी ग्रामपंचायतीकडे आणि बांधाचा तंटा महसूल खात्याकडे. विधानसभेचा उमेदवार ‘हे दिल्लीचे काम’ म्हणतो, लोकसभेचा ‘हे राज्याचे’ म्हणतो. वास्तविक राज्याच्या हातात पुष्कळ आहे. महाराष्ट्रात शासकीय भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांतून ते काढले जाते. उमेदवार मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातील इतराला जाते, त्यामुळे जाहिरात नीट न पोहोचणे किंवा शैक्षणिक समकक्षतेचा वाद होणे एवढ्यानेही आरक्षण कागदावर राहते. २०२० साली ग्रामविकास विभागाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने योजना आणून ग्रामपंचायत हद्दीतील माजी सैनिकांना घरपट्टीत माफी दिली. तरी ग्रामसेवकाला शासन निर्णयाची प्रत दाखवण्याची वेळ सैनिकावर येते, हा गावोगावचा अनुभव आहे. जमिनीच्या तंट्यांसाठी राज्यात ‘अमृत जवान’ अभियानही राबवले गेले. सीमेवर असताना बांध सरकतो, वाटणीत नाव गळते आणि निवृत्त झाल्यावर पहिली दहा वर्षे तहसील कचेरीत जातात, हे दुखणे खेड्यांत निवृत्तिवेतनाइतकेच मोठे आहे. अशी कामे वर्षभर चालणारी हवीत.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे या सर्व धाग्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. जिल्हाधिकारी जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्ह्यातूनच जमतो आणि त्यातून माजी सैनिक व वीरपत्नींना मदत दिली जाते. तेथे येणाऱ्या एखाद्या वीरपत्नीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काय असते, हे उमेदवारांनी एकदा नीट पाहावे. पतीचे डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, ईसीएचएसचे कार्ड, आधार, बँकेचे पासबुक; पलटणीच्या नोंदीत नाव ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’, जन्मतारखेचे साल एका ठिकाणी दोनने पुढे. ही दुरुस्ती ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या लष्करी नोंदीने व्हावी लागते आणि त्यासाठी शपथपत्र, शाळेचा दाखला नसल्यास वैद्यकीय दाखला आणि दूरच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार लागतो. त्यातच निवृत्तिवेतन बँकांकडून ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीकडे गेले. व्यवस्था पारदर्शक करण्याचा हेतू योग्य होता, परंतु हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचा ठसा यंत्रात उमटत नाही अशा सत्तर-ऐंशी वर्षांच्या बाईला मोबाईलवरचा ओटीपी सांभाळायला लावणे ही रचनेतली उणीव आहे. हयातीचा दाखला चुकला की निवृत्तिवेतन थांबते. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा वाद असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला आहे आणि तिथे निकाल सैनिकाच्या बाजूने लागला तरी अनेकदा सरकार वर दाद मागते. स्वतःच्या सैनिकाविरुद्धचे असे दावे सरसकट लढवायचे की थांबवायचे, हा निर्णय पूर्णपणे राजकीय आहे. कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराने या दोन जिल्ह्यांत त्यावर भूमिका घेतल्याचे ऐकिवात नाही.

या रोजच्या प्रश्नांऐवजी प्रचारात सैनिकाची प्रतिमा वापरली जाते. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा ९ मार्च २०१९ रोजी संरक्षण दलांतील व्यक्तींची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत असे पक्षांना बजावले. तरी त्यानंतर बरोबर महिन्याने, ९ एप्रिल २०१९ रोजी, लातूर जिल्ह्यातील औसा येथील सभेत पंतप्रधानांनी प्रथमच मतदान करणाऱ्यांना बालाकोटच्या वीरांची आणि पुलवामाच्या हुतात्म्यांची आठवण करून मताचे आवाहन केले. त्याच आठवड्यात दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना पत्र गेले आणि सेनेचा राजकारणासाठी वापर थांबवण्याची विनंती करण्यात आली. आयोगाने त्या भाषणात आचारसंहितेचा भंग मानला नाही. विरोधी पक्षांनीही पुढे हुतात्म्याच्या कुटुंबाला मिळालेल्या रकमेचा हिशेब भर सभागृहात मांडून त्या दुःखाचे प्रचारात रूपांतर केले. शौर्याचे श्रेय घेणारा आणि मृत्यूचे भांडवल करणारा, दोघांच्याही भाषणात जिवंत म्हाताऱ्या सैनिकाच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जागा नसते.

अग्निपथ योजनेने हा प्रश्न पुढच्या पिढीकडे सरकवला आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत भरती चार वर्षांसाठी होते, त्यातील २५ टक्क्यांपर्यंत जवान नियमित सेवेत घेतले जातात आणि उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी देऊन मुक्त केले जाते. त्यांना निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएस नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका बाजूने योजना रद्द करण्याचे आणि दुसऱ्या बाजूने तिचे समर्थन करण्याचे काम जोरात झाले. खानदेशात मैदानावर धावणाऱ्या मुलांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि भरतीसाठी धावणे सुरू ठेवले, कारण घरी दुसरा पर्याय नव्हता. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. पंचविशीच्या आतबाहेरची, शस्त्राचे प्रशिक्षण घेतलेली ही मुले अमळनेर, साक्री, मुक्ताईनगर अशा तालुक्यांत परततील, तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या विद्यमान नियमांत त्यांच्यासाठी रकाना नसेल. सेवेत असताना झालेली पण नोंदीत न आलेली दुखापत घेऊन ती पॉलीक्लिनिकच्या दारात गेली तर कार्ड विचारले जाईल आणि ते त्यांच्याकडे नसेल. त्यांची नावे कोणत्या नोंदवहीत चढवायची, उपचाराचा खर्च कोणी सोसायचा आणि १५ टक्के आरक्षणात त्यांना धरायचे की वेगळी तरतूद करायची, हे राज्य आणि केंद्र या दोघांनी लेखी ठरवण्याचे विषय आहेत. या दोन जिल्ह्यांत यापुढे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून, मग तो जिल्हा परिषदेचा असो वा लोकसभेचा, त्याच्या अखत्यारीतील भागाचे उत्तर सही-तारखेसह मागून घेण्याचे काम माजी सैनिकांच्या संघटनांना आताच हाती घ्यावे लागेल.